सातव्या क्लिकवरचं पान

३ फेब्रुवारी

साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, आपली वेबसाइट म्हणजे अडगळीची खोली झालीय. तेवढी आवरून टाका. मार्चअखेरपर्यंत." आवरायचं म्हणजे नक्की काय, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. जागेवर येऊन पाहिलं, तर शहराच्या बससेवेच्या या एका वेबसाइटवर अकराशे चाळीस पानं निघाली. त्यांतली निम्मी मीच चढवलेली.

पंधरा वर्षं ग्रंथालयात पुस्तकांची सूची केली, सहा वर्षं इथे माहिती संपादक आहे. वस्तू जागेवर न ठेवल्याबद्दल मला आजवर कुणी बोललेलं नाही. तरी ही वही सुरू करतेय. कुठला निर्णय कधी आणि का घेतला, ते नंतर माझं मलाच आठवत नाही आणि मग मी स्वतःला सोयीचं आठवते. तेवढी खोड तरी मोडू दे.

दुपारी सातही शाखांची बैठक झाली. प्रत्येकीला वरच्या पट्टीत आपलं नाव हवं. नियोजन शाखेचे म्हणाले, "आमची शाखा सगळ्यात जुनी. आम्ही पहिले." त्यावर तिकीट शाखेच्या बाई म्हणाल्या, "जुनं सामान मागच्या खोलीत ठेवतात." दहा मिनिटं नुसता गोंधळ. चौकशी खिडकीवरच्या मावशी सह्या घ्यायला आल्या होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "लोक शाखा विचारायला येत नाहीत हो. बस का आली नाही, ते विचारायला येतात." सगळे हसले. मी लिहून घेतलं.

८ फेब्रुवारी

लोकांना काय कुठे असावंसं वाटतं, हे त्यांनाच विचारायचं ठरवलं आहे. एकेका पानाचं नाव एकेका कार्डावर लिहायचं. मग कार्डांचा ढीग माणसापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, लावा तुम्हाला हवं तसं. ज्या गोष्टी लोक एकत्र ठेवतील, त्या वेबसाइटवर एकत्र.

जेवणाच्या टेबलावर निवडक पानांची नव्वद कार्डं पसरली होती. नवरा म्हणाला, "हे काय, पत्ते मांडलेस की काय? मला पण दे पानं." मी म्हटलं, "हातात एकही हुकूम नाही, बसू नकोस."

इतक्यात बाबा, म्हणजे माझे सासरे, बाहेरून आले. घामाघूम. वाचनालयापासून चालत आले होते, चार किलोमीटर! जानेवारीपासून त्यांनी हा नेमच धरला आहे. वय अठ्ठ्याहत्तर, एका गुडघ्याची तक्रार. पण चालण्यानंच सांधा मोकळा राहतो म्हणतात. मी त्यांचं कौतुक केलं. नवऱ्याला म्हटलं, "शीक जरा." तो काहीच बोलला नाही. एरवी उत्तर दिल्याशिवाय राहत नाही.

१२ फेब्रुवारी

चौकशी खिडकीसमोरच्या बाकावर कार्डं घेऊन बसले. दिवसभरात चौदा जणांनी लावली. नियम एकच, आणि तो फार कठीण आहे : समोरचा चुकला तरी आपण गप्प बसायचं. चूक त्याची नसतेच, मांडणीची असते.

एका भाजीवाल्या बाईंनी 'निविदा' हे कार्ड 'हरवले-सापडले'पाशी ठेवलं. मी कारण विचारलं. "कुणालाच नकोय असं दिसतंय. असेल कुणाचं तरी राहिलेलं." एका शिंप्यानं 'अध्यक्षांचा संदेश' उचलून सरळ माझ्या पर्समध्ये ठेवला. "हे तुमच्याकडेच असू द्या, ताई."

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. 'प्रपत्र ब : सवलतधारकांची वार्षिक स्वयंघोषणा' हे कार्ड चौदाजणांपैकी बाराजणांनी बाजूला सारलं. त्यात काठी घेतलेल्या एक आजी होत्या, गळ्यात ज्येष्ठांच्या मोफत पासाचं कार्ड लटकलेलं. "हे माझं नाही," म्हणाल्या.

आजी, तुमचंच होतं ते. मोफत पास पुढच्या वर्षी चालू राहावा म्हणून जे भरावं लागतं, ते हेच. हे मनात आलं आणि नियमाप्रमाणे मी गप्प राहिले. नंतर, त्या निघताना, मी त्यांना गाठून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता काय उपयोग? पास जानेवारीतच बंद पडला."

१९ फेब्रुवारी

आता सगळं कळलं, ते क्रमानं लिहिते.

ज्येष्ठ आणि अपंग प्रवाशांना दरवर्षी घरी पत्र यायचं, सोबत छापील प्रपत्र. सही करून परत पाठवलं की पास चालू. गेल्या ऑक्टोबरपासून पत्रं बंद केली. जे काय करायचं ते वेबसाइटवर. डिसेंबरअखेरपर्यंत सहाशे बारा जणांनी प्रपत्र भरलं नाही. एक जानेवारीला त्यांचे पास वाहकाच्या मशीननं लाल दाखवले. आणि आमच्या कार्यालयानं वर अहवाल दिला : सहाशे बारा बोगस पासधारक शोधून काढले.

बोगस!

आता त्यांतल्या काहींनी तक्रार समितीकडे अर्ज केलाय. वीस मार्चला सुनावणी. साहेबांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. "प्रपत्र ब हे संकेतस्थळावर ठळक व सहज सापडेल अशा ठिकाणी उपलब्ध होते." खाली माझं पद, सहीसाठी जागा.

"नुसती औपचारिकता आहे," साहेब म्हणाले. "पान होतं की नव्हतं?"

"होतं."

"झालं तर मग."

मी म्हटलं, थोडा वेळ द्या. ही सही झाली, की सहाशे बारा जणांचा अर्ज तिथेच निकाली निघेल, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. तरीही मी 'नाही' म्हणाले नाही, 'थोडा वेळ' म्हणाले. हे इथे नोंदवून ठेवते.

२० फेब्रुवारी

मोजलं. मुख्य पान, आमच्याविषयी, शाखा, नियोजन, परिपत्रके, चालू वर्ष, संकीर्ण, प्रपत्र ब. सात क्लिक. आणि सहाव्यावर 'संकीर्ण'!

२३ फेब्रुवारी

रविवार. घरी बाबांवर चाचणी करून पाहिली. मुळीच तयार नव्हते. "मला त्यातलं काही कळत नाही, दुसऱ्या कुणाला बसव." बाबा आयुष्यभर नकाशे काढायच्या खात्यात होते. मी म्हटलं, "बाबा, ज्याला नकाशा कळतो त्यालाच तर बसवायचंय." शेवटी बसले.

मी काम दिलं : तुमचा बसचा पास पुढच्या वर्षासाठी चालू ठेवायचाय, ते कुठे आहे शोधा.

त्यांचा चेहरा एकदम बदलला. मग त्यांनी चष्मा लावला आणि आमच्याविषयी, शाखा, प्रवासी सेवा, पास, असं भराभर चार ठिकाणी गेले. जराही न अडखळता. मला आश्चर्य वाटलं. मी घरी काम करताना मागून बघत असतील. चौथ्या पानावर मात्र थांबले. तिथे पासाचे प्रकार आहेत, फोटो आहेत, प्रपत्र नाही.

"इथेच असायला हवं ना?" त्यांनी विचारलं.

मी गप्प बसले. नियमच आहे तसा.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग उठले. "तू केलंयस म्हणजे ठीकच असणार. मलाच नीट दिसत नाही आताशा." आणि खोलीत गेले. इतक्या साध्या खेळाचं त्यांनी इतकं मनाला का लावून घेतलं, कळलं नाही. स्वभाव.

२६ फेब्रुवारी

सही करायची नाही, हे पक्कं केलं होतं. पण नुसतं 'सापडत नाही' म्हणून चालणार नाही. पान तिथे कुणी ठेवलं, तेही सांगायला हवं. नियोजन शाखेचाच हा प्रताप असणार, अशी माझी खात्री होती. दोन दिवस मनातल्या मनात त्यांना सुनावतही होते.

आमच्या संगणक विभागात एक गृहस्थ आहेत. कुठलीही अडचण सांगा, ते 'बंद करून चालू करा' म्हणतात, म्हणून सगळे त्यांना रीस्टार्ट म्हणतात. त्यांनी पानाचा जुना इतिहास उघडला आणि पडदा माझ्याकडे न वळवता म्हणाले, "राहू दे मॅडम, चहा घेऊ या."

"वळवा तो इकडे."

पान चार वर्षांपूर्वी चढवलेलं, दरवर्षी 'चालू वर्षा'त पुढे सरकलेलं. चढवणारी मी. 'संकीर्ण'खाली ठेवणारीही मीच.

आठवलं मग सगळं. ग्रंथालयात सरकारी प्रकाशन असलं की ते प्रसिद्ध करणाऱ्या खात्याच्या नावाखाली लावतात. वाचणारा कोण, हा प्रश्नच नसतो. प्रपत्र नियोजन शाखेनं काढलेलं, म्हणून ते नियोजन शाखेखाली. मी नियमानं अगदी बरोबर केलं होतं. त्या दिवशी घरी येऊन सांगितलंही होतं, 'आज सगळी परिपत्रकं रांगेला लावली.' काय तो अभिमान!

तेव्हा पत्रं घरी जात होती, पान नुसतं दप्तरी होतं, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण रीस्टार्टनी ऑक्टोबरची फाइलही काढली. 'यापुढे प्रपत्र केवळ संकेतस्थळावर' ही टिप्पणी. कोपऱ्यात 'पाहिले', आणि माझी आद्याक्षरं. पाहिलं म्हणे. काय पाहिलं?

"आता सही करून टाका," रीस्टार्ट हळूच म्हणाले. "तुमचीच मान सुटेल त्यानं."

भला माणूस आहे. तीच तर अडचण आहे. सही केली की मी वाचते, आणि मलाच वाचवणारं खरं कसं मानायचं?

३ मार्च

दुपारी मावशींना विचारायला गेले, की पासाबद्दल खिडकीवर किती लोक आले होते. त्यांनी वही काढली. रोज कुणी काय विचारलं, ते त्या रेघा मारून ठेवतात. कुणी सांगितलेलं नाही, अकरा वर्षं आपल्या मनानं ठेवतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 'पासाचं पत्र आलं नाही' याच्यापुढे चारशेवर रेघा. "मी सगळ्यांना सांगत होते, वेबसाइटवर आहे. मला तसंच सांगायला सांगितलं होतं."

मग जरा थांबून म्हणाल्या, "ताई, तुमच्या सासऱ्यांचं काय झालं मग?"

"कशाचं?"

"अगंबाई. म्हणजे त्यांनी सांगितलं नाही? डिसेंबरात तीनदा येऊन गेले. म्हणाले, सूनबाईला कळू देऊ नका."

घरी आले तेव्हा बाबा बूट पुसत बसले होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, "बाबा, तुमचा पास कधीपासून बंद आहे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आधी मला सांगा."

दोन जानेवारीला ते वाचनालयाच्या बसमध्ये चढले. मशीन लाल झालं. वाहक म्हणाला, 'आजोबा, बोगस यादीत आहे तुमचा नंबर, उतरा.' गाडी भरलेली. बाबा उतरले. तिकीट काढायला पैसे होते खिशात. "पण बोगस म्हटल्यावर त्याच गाडीत तिकीट काढून बसायचं? माझ्यानं नाही झालं. त्यानंतर चढलोच नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? वाचनालयात सगळ्यांना मीच सांगत असतो, माझ्या सुनेनं केलीय ती वेबसाइट. आणि घरी येऊन तुला सांगू, की मला सापडत नाही?"

नवरा दारात उभा होता. त्यालाही माहीत होतं. मी दोन महिने बाबांच्या चालण्याचं कौतुक करत होते. चाचणीत समोर बसवून, गप्प राहून, पुन्हा तेच शोधायला लावलं. नियम पाळला म्हणून स्वतःवर खूश होते.

४ मार्च

आता मी जे बोलेन ते 'सासऱ्यांसाठी' होणार. खरंच त्यासाठी बोलतेय का? काठीवाल्या आजींसाठी मी 'थोडा वेळ' मागितला होता. बाबांचं कळल्यावर मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. हा फरक खरा आहे. तो मला आवडत नाही.

बाबा सकाळी म्हणाले, "माझं नाव त्यांत धरू नकोस. मी चालतो. तुझं बोलणं स्वच्छ राहील."

"बाबा, तुम्ही बोगस आहात का?"

"नाही."

"मग नाव राहील."

६ मार्च

साहेबांना कागद परत दिला, बिनसहीचा. दुसरा दिला, माझा. त्यात तीन गोष्टी : पान सातव्या क्लिकवर होतं. ते तिथे मी ठेवलं आणि ऑक्टोबरची टिप्पणी न वाचता मीच 'पाहिले' केलं. सहाशे बारांमध्ये माझे सासरे आहेत.

साहेबांनी दोनदा वाचला. "तुम्ही स्वतःच स्वतःला अडकवताय, कळतंय ना?"

"हो."

"आणि वर म्हणतील, घरच्या माणसाचा पास हवाय म्हणून बाई तमाशा करतायत."

"म्हणून तर आधीच लिहिलंय."

"अहो, अहवाल वर गेलाय! आता आम्ही काय सांगायचं, सहाशे बारा बोगस नव्हते म्हणून?"

"तेच सांगायचं."

ते म्हणाले, तुम्ही फार ताणताय. मी बाहेर आले. बोलताना आवाज थरथरला नव्हता. मावशींना विचारून खात्री केली, खिडकीपर्यंत ऐकू गेलं होतं.

२० मार्च

सुनावणी. लांब टेबल, समितीचे तिघे, मध्ये अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश. मागच्या खुर्च्यांवर तीसेक अर्जदार. बाबा आले नाहीत. आले असते तर माझं धाडस झालं नसतं, असं आता वाटतंय. त्यांनी ते ओळखलं असेल का?

साहेबांनी सांगितलं, पान उपलब्ध होतं, ज्यांनी कष्ट घेतले त्यांना सापडलं. अध्यक्षबाईंनी मी समितीलाही दिलेला माझा कागद पुढे ओढला. "तुम्ही म्हणता सापडत नाही. हे तुमचं मत झालं."

मी लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला. डिसेंबरात होती तशीच वेबसाइट. "मॅडम, तुमचं वय सत्तर आहे असं समजा. पत्र आलेलं नाही. पास चालू ठेवायचाय."

"समजायची गरज नाही, एकाहत्तर आहे," त्या म्हणाल्या, आणि माउस हातात घेतला.

आमच्याविषयी. शाखा. प्रवासी सेवा. पास. बाबांच्याच वाटेनं. मग मागे. मग 'शोधा'च्या चौकटीत 'पास' लिहिलं, तर सतरा निविदा आल्या. तीन मिनिटं झाली. साहेबांना राहवेना. ते अर्धवट उठून म्हणाले, "वर, मॅडम, ते डावीकडे नियोजन—"

"साहेब, बोलायचं नसतं," मी म्हटलं. "सहाशे बारा घरांत तुम्ही नव्हता सांगायला."

हे मी सगळ्यांसमोर म्हटलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठाचं बोलणं मध्ये तोडलेलं नाही. अध्यक्षबाईंनी मान वर केली नाही, पण क्लिक करायचं क्षणभर थांबवलं आणि पुन्हा शोधू लागल्या. पाच मिनिटं दहा सेकंदांनी त्यांनी माउस सोडला. "मला सापडत नाही," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."

मागून एक म्हातारे गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "बाई, तुम्ही पण बोगस!" सगळी खोली हसली. अध्यक्षबाई सोडून. मग त्याही.

साहेब जाताना माझ्याशी बोलले नाहीत. चुकीचं वागले का मी? पद्धत चुकली असेल.

२ एप्रिल

आदेश आला. चार पानी. सहाशे बाराही जणांचे पास पूर्ववत. 'बोगस' हा शब्द अहवालातून काढावा. मात्र ज्याला पास हवा, त्यानं तीस एप्रिलपर्यंत जुनं कार्ड घेऊन खिडकीवर यायचं. पत्रं पुढच्या वर्षापासून पुन्हा सुरू. आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात : 'सदर गैरसोयीस माहिती संपादकांचा निष्काळजीपणा प्रामुख्याने कारणीभूत असून त्याची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात घ्यावी.' पत्रं बंद करणाऱ्यांबद्दल एक ओळ नाही. 'प्रामुख्याने' हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. निष्काळजीपणा माझा, हे बरोबर. प्रामुख्याने, हे नाही. अपील करता येतं. करेन. पण तो वेगळा कागद.

आज प्रश्न दुसरा होता. आदेश वेबसाइटवर प्रसिद्ध करावा, असं त्यातच लिहिलंय. साहेबांची चिठ्ठी आली : 'परिपत्रके, चालू वर्ष, संकीर्ण येथे टाकणे.'

म्हणजे तीस तारखेपर्यंत तो कुणाला सापडणार नाही. आणि मे महिन्यात आम्ही म्हणणार, संधी दिली होती, खरे असते तर आले असते.

मी खुर्चीत बसून होते. एक खरं लिहिते : तो आदेश संकीर्णमध्ये गेला, तर माझ्यावरचा ठपकाही कुणी वाचणार नाही. नातेवाईक, जुने सहकारी, माझी कॉलेजातली लेक, कुणालाही कळणार नाही. हा विचार आला. पाचेक मिनिटं बराच गोड वाटला.

मग मुख्य पान उघडलं. बससेवेच्या अध्यक्षांचा हसरा फोटो खाली सरकवला. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत : 'तुमचा मोफत पास बंद पडला होता का? तो परत मिळेल. ३० एप्रिलपर्यंत जुनं कार्ड घेऊन खिडकीवर या.' त्याखाली खिडकीजवळच्या बसस्टॉपचं नाव आणि खिडकीची वेळ. त्याखाली आदेश, चारही पानं, काहीही न गाळता. कागदाच्या प्रती मावशींकडे दिल्या, प्रत्येक स्टॉपवर लावायला.

वीस मिनिटांत फोन वाजला.

"मॅडम, हे काय केलंत? मी संकीर्ण म्हटलं होतं!"

"वाचली चिठ्ठी. प्रसिद्ध करायचा होता, केला."

"अहो, तुम्ही तो आदेश वाचलाय तरी का? शेवटच्या पानावर तुमच्यावर ठपका आहे! सगळ्या गावाला दिसतोय!"

"तुम्हाला किती क्लिक लागले?"

पलीकडे माउसची एक टिक. मग ते चिडून म्हणाले, "एक!"

"मग बरोबर लागलाय," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.